उजवे-डावे

आमच्या आजोळच्या बायकांच्या डोळ्यांखाली खळगे असतात. आजीला होते, आईला होते, मला आहेत आणि माझ्या धाकट्या बहिणीला होते. तिच्या बाबतीत हा भूतकाळ मध्यंतरी दीडएक वर्ष खरा होता. आता तो पुन्हा डळमळीत झाला आहे. त्याचीच ही हकिकत.

हे खळगे रोगाचे नव्हेत, आणि नुसत्या जागरणाचेही नव्हेत. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे तिरपी उतरणारी एक चिंचोळी पन्हळ तिथे असते. पापणीची कातडी साऱ्या अंगात पातळ, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. तिच्याखाली स्नायू, आणि तो एका चिवट बंधाने हाडाशी बांधलेला. वयाबरोबर गालाची चरबी ओसरते, हाडही थोडे मागे सरते, पण बंध जागा सोडत नाही. गादीला टाका घातला की तेवढाच भाग खोल दिसतो ना, तसे. डॉक्टर लोक याला ‘टिअर ट्रफ’ म्हणतात, म्हणजे अश्रूंची पन्हळ. हे नाव ज्याला सुचले तो माणूस रसिक असला पाहिजे.

मला या पन्हळीचे कधी काही वाटले नाही. कपाळ वडिलांचे, खळगे आईचे, अशी वाटणी मी लहानपणीच मान्य केली होती. बहीण बँकेत काउंटरवर बसते. दिवसभर शेकडो माणसे तिच्या तोंडाकडे पाहतात आणि त्यांतली चार-दोन तरी आपुलकीने विचारतात, “मॅडम, बरं नाही का?” आपल्याकडच्या आपुलकीला धार असते, ती विचारणाऱ्याला कळत नाही. आईच्या शेवटच्या आजारात दोन वर्षे रात्री हिनेच काढल्या. मी दुसऱ्या गावी होते. आई गेल्यानंतर सहा-सात महिन्यांनी एकदा भांडी लावता लावता ती म्हणाली, “ताई, आरशात बघितलं की मला आईचं शेवटचं वर्ष दिसतं. तुला नाही दिसत?”

“मला आई दिसते,” मी म्हटले.

“तुझी बरी आहे,” ती म्हणाली आणि डबे फडताळात ठेवू लागली.

त्यानंतर तिने डोळ्यांखाली फिलर भरून घेतले, ते मला कळले काम झाल्यावर. अशा गोष्टींना हसायची आपल्याकडे रीत आहे. केसांना कलप लावणारा हसतो, कवळी बसवलेला हसतो, आणि चष्मा सोडून भिंगे घालणारी तर सगळ्यांत मोठ्याने हसते. मी हसले नाही. पहिले दोन महिने खरोखरच ती आठ दिवस माहेरी झोपून आल्यासारखी दिसत होती.

मग उजवे-डावे सुरू झाले. उजवी बाजू छान बसली. डाव्या डोळ्याखाली मात्र सकाळी एक लांबट फुगवटा येई, दुपारपर्यंत जरा ओसरे, लोणचे-पापड झाले की पुन्हा फुगे. उन्हात त्या जागी निळसर झाक दिसे. मार लागला आहे की काय, असे वाटावे इतकी. जिथे ते भरून घेतले होते तिथे ती गेली. तिथल्या माणसांनी आरसा तिच्या हातात दिला आणि सांगितले, “डावी जास्त झालेली नाही, उजवी कमी पडली आहे. उजवीकडे थोडं घातलं की दोन्ही सारख्या होतील.” पैसे अर्थात वेगळे.

सारखे करणे ही आपल्या घरांतली मोठी विद्या आहे. पदर सारखा करावा, चादर सारखी करावी, भाकरीची कड थापून सारखी करावी. पण चादर एका बाजूला लोंबत असली तर आपण ती दुसऱ्या बाजूलाही लोंबवत नाही. बहीण बँकेतली; जमाखर्चाची चूक समोरच्या रकान्यात तेवढीच चूक करून मिटवता येत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होते. ती उठून आली.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे ती मला घेऊन गेली. त्यांनी पहिला प्रश्न चेहऱ्याबद्दल विचारलाच नाही. “आत काय घातलंय?” असे त्यांनी विचारले. बहिणीला ठाऊक नव्हते. खोक्यावर औषधाचे नाव आणि खेपेचा क्रमांक छापलेली एक चिकटपट्टी असते, ती रुग्णाला द्यायची असते. हिला कुणी दिली नव्हती. चार फोन आणि एक चक्कर झाल्यावर ती मिळाली. तोपर्यंतचे आठ दिवस बहीण नीट जेवली नाही, कारण सारे काही त्या नावावर अवलंबून होते. चुनखडीच्या जातीचे किंवा कायमचे फिलर असेल तर ते विरघळवता येत नाही. हायलुरॉनिक आम्लाचे असेल तर येते.

हा पदार्थ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर या दोघांनी १९३४ साली गाईच्या डोळ्यातल्या काचेसारख्या द्रवातून वेगळा काढला. ग्रीक भाषेत काचेला ‘ह्यालॉस’ म्हणतात, त्यावरून नाव. आपल्या सर्वांच्या अंगात तो असतो. प्रौढ माणसात पंधराएक ग्रॅम, आणि त्यातला सुमारे तिसरा हिस्सा शरीर रोज मोडून नवा घडवते. पाणी धरून ठेवणे हा त्याचा धर्म. सकाळचा फुगवटा त्याचाच. फिलरसाठी तो जिवाणूंकडून तयार करून घेतात आणि लवकर मोडू नये म्हणून त्याचे धागे एकमेकांना बांधून टाकतात. ते इतके पक्के बांधले जातात, की वर्षभर टिकेल म्हणून घातलेले फिलर डोळ्यांखाली कित्येक वर्षांनीही एमआरआयमध्ये सापडते. निळी झाक का येते, हेही बाईंनी सांगितले. फिलर हाडालगत खोल न राहता कातडीच्या अगदी खाली आले, की त्यात शिरलेल्या उजेडातला निळा भाग अधिक विखुरला जाऊन परततो. याला टिंडल परिणाम म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या एका भौतिकशास्त्रज्ञाचे नाव माझ्या बहिणीच्या डोळ्याखाली असे येऊन बसले होते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या आम्लाचे पहिले फिलर २००३ साली मान्य केले, पण खास डोळ्यांखालच्या खळग्यासाठी मान्यता मिळायला २०२२ उजाडले. मधली एकोणीस वर्षे तिथले डॉक्टर ते आपल्या जबाबदारीवर घालत होते. ही जागा अवघड आहे. फिलर चुकून रक्तवाहिनीत शिरले तर, क्वचित का होईना, दृष्टी जाऊ शकते. हे वाक्य बहिणीने दुसऱ्या दवाखान्यात प्रथम ऐकले.

बाईंचे दुसरे मागणे आम्हां दोघींना चमत्कारिक वाटले. “जुने फोटो आणा. दर पाच-सात वर्षांचा एक.” त्या रात्री आम्ही आल्बम काढले. मुंजीतला, शाळेच्या गटाचा, लग्नातला, बँकेच्या ओळखपत्रावरचा. भिंग घेऊन बसलो, आणि दहा वर्षांच्या परकरातल्या मुलीच्या चेहऱ्यातही डावा गाल उजव्यापेक्षा चपटा निघाला. पन्नास वर्षे आम्ही तो चेहरा पाहत होतो. उजवे-डावे केले नव्हते. मग आईचा एक फोटो निघाला, तिशीतला, वाड्याच्या ओट्यावर हसतानाचा. खळगे त्यातही होते. बहिणीने तो बराच वेळ हातात धरला. “तेव्हापासूनच होते की,” एवढेच म्हणाली.

सुश्रुताने नाकाच्या शस्त्रक्रियेचे वर्णन केले आहे, ते आपल्याला अभिमानाने सांगितले जाते. त्याच्या शेवटी तो जे सांगतो ते कुणी सांगत नाही: जखम भरल्यावर नाक कमी पडले तर वाढवावे, मांस जास्त झाले तर ते सारखे करावे. म्हणजे हा प्रश्न जुनाच. पण सुधारणेची वाट प्रत्येकाला मिळत नाही. पुढे मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकन या रूपवतीने ऐन तारुण्यात नाकाची रेघ सरळ दिसावी म्हणून पॅराफिनचे मेण टोचून घेतले. ते घसरून हनुवटीकडे गेले, आणि तिथून काढण्याचा उपाय नव्हता. ती १९७७ साली, शहाण्णव वर्षांची होऊन वारली. इतकी वर्षे ते मेण तिच्याबरोबर होते.

माझ्या बहिणीच्या औषधावर उतारा होता. हायलुरॉनिडेज नावाचे एक पाचक द्रव्य आहे, ते हे बांधलेले धागे तोडते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बधिरतेचे औषध डोळ्याभोवती नीट पसरावे म्हणून हेच मिसळतात. मधमाशीच्या विषातही ते असते, म्हणून बाईंनी आधी विचारले, “मधमाशी चावून कधी अंगावर गांधी उठल्या होत्या?” मग मनगटाच्या वर एक थेंब टोचून वीस मिनिटे वाट पाहिली, आणि नंतर डाव्या डोळ्याखाली अगदी थोडे थोडे तीन ठिकाणी दिले. सारे मिळून पाच मिनिटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन आला. ती रडत होती. डावी बाजू पूर्वीपेक्षाही खोल दिसत होती. “ताई, माझं स्वतःचं होतं तेही गेलं वाटतं.” अंगचे विरघळले तरी शरीर ते पुन्हा भरून काढते, हे बाईंनी बजावून सांगितले होते, पण आरशासमोर असले ज्ञान उपयोगी पडत नाही. मी पहिल्या गाडीने तिच्याकडे गेले आणि पंधरा दिवस राहिले. पंधरा दिवस काहीही करायचे नाही, असा बाईंचा हुकूम होता. सूज उतरू द्यायची, काय उरते ते पाहायचे. माझ्या मते या सगळ्या विद्येतला अवघड भाग हाच आहे, आणि त्याचे बिल कुणी लावत नाही.

ती बँकेत जात राहिली. “मॅडम, बरं नाही का?” हा प्रश्न पुन्हा आला. या वेळी तिने एका गिऱ्हाइकाला उत्तर दिले, “बरी आहे. माझी आई अशीच दिसायची.” संध्याकाळी ते मला सांगताना हसली आणि मग उठून देवापाशी दिवा लावायला गेली.

पंधरा दिवसांनी बाईंनी दोन्ही बाजूंना बोट लावून पाहिले. डावीकडचा खळगा आला होता, पण फोटोतल्याइतकाच. त्या म्हणाल्या, “हवं तर डाव्या गालाच्या हाडावर, खाली, थोडंसं घालता येईल. पन्हळीत नाही. नाहीतर असंच सोडू.” बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी भिंतीकडे पाहत राहिले. माझे मत तिला नको तिथे पोचले असते. तिने गालावर थोडे घालून घेतले. उजवी बाजू तशीच ठेवली.

दोन्ही बाजू सारख्या आहेत का, हे मला नक्की सांगता येणार नाही. खोक्यावरची चिकटपट्टी तिने या वेळी आधीच मागून घेतली आणि घरी येऊन, आईच्या औषधांची जी जाड फाईल अजून तिने टाकलेली नाही, तिच्या शेवटच्या पानावर तारीख घालून चिकटवली.