बांगडीचं माप

आईच्या बांगडीचं माप दोन-चार. हैदराबादच्या लाड बाजारातला बांगडीवाला नुसता हात बघून सांगायचा. मी दहा-अकरा वर्षांची असताना तो पहिल्यांदा चुकला. लाखेची बांगडी बोटांच्या पेरांपाशीच अडली नि आई कळवळली.

आमवात होता. सकाळी तास-दीड तास मूठ वळायची नाही; नळ बाबा सोडायचे, कणीक मी मळायची. मग एका डॉक्टरांनी छोटी पांढरी गोळी दिली. तिसऱ्या दिवशी आईनं पुरण वाटलं. पंधरवड्यात दोन-चारच्या बांगड्या पुन्हा हातात!

ती गोळी स्टेरॉइडची, कॉर्टिसोनच्या कुळातली. 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन टोचलं, तेव्हा आठवड्याभरात ती खरेदीला बाहेर पडली होती. 1950 मध्ये हेंचना नोबेल मिळालं. तोवर औषधाचे दुष्परिणामही दिसू लागले होते.

आमच्या घरी मात्र ते कुणाच्या गावीही नव्हतं. चिठ्ठी घडीवर फाटली, तिला चिकटपट्टी लागली. त्याच चिठ्ठीवर नऊ वर्षं गोळ्या येत राहिल्या. चेहरा गोल झाला, तर शेजारणी म्हणाल्या, "वहिनी, तब्येत सुधारली हो!" मग साखर वाढली. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. बांगडी जरा आपटली की मनगटावर जांभळा डाग. एकदा बादली उचलताना पाठीचा मणकाच पिचला.

घाबरून तिनं गोळी एकदम बंद केली. दोन दिवसांत उलट्या, भोवळ, रक्तदाब खाली. इतकी वर्षं तसलंच संप्रेरक बाहेरून आयतं मिळत होतं, त्यामुळे मूत्रपिंडावरच्या ग्रंथींनी आपलं काम कधीच सोडलं होतं. ही गोळी सोडायची तीही हळूहळू, पायरीपायरीनं, हे पंजागुट्ट्याच्या निम्स रुग्णालयात कळलं.

आता माझीही बोटं सुजतात. तीच गोळी मीही घेतली. पण आठवड्यातून एकदा घ्यायचं मेथोट्रेक्सेट लागू पडेपर्यंतच. दहा आठवडे, उतरत्या मात्रेनं. बंद करायची तारीख पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून घेतली. गोळीवर माझा राग नाही. आईला तिनं नऊ वर्षं पोळ्या लाटू दिल्या. फक्त त्या पोळ्यांची किंमत हाडं मोजत होती.

परवा लाड बाजारात गेले. गल्ल्यावर आता मुलगा बसतो. माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "दो-छे होना क्या, अम्मा?"

हात पुढे केला. "अंदाज नको बेटा. नाप के देखो."