बोर्डिंग

मी पाचवीत या शाळेत आलो, तेव्हा उमरग्याच्या आठवडी बाजारात कुणी विचारले की आई सांगे, “पोरगा बोर्डिंगात हाय.” तिच्या लेखी, पोराला दोन वेळचे पोटभर अन्न मिळते ती जागा म्हणजे बोर्डिंग. मला वाटे, फाटकावर भला मोठा बोर्ड आहे, म्हणून हे नाव.

पुढे महाविद्यालयात शब्दकोश उघडला आणि शहाणपण आईचे ठरले. जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे लाकडी फळी. फळीचे मेज झाले, मेजाचे नाव त्यावरच्या अन्नाला लागले आणि अन्न देऊन माणसाला ठेवून घेणे म्हणजे बोर्डिंग. त्याच मेजाभोवती कारभारी बसले, त्यांचेही बोर्ड झाले. ज्याच्या परीक्षेने आम्ही दहावीला घाबरलो, ते याच कुळातले. वर्गातला ब्लॅकबोर्डही तोच. फळी आणि फळा हे आपले नाते तर सांगायलाच नको.

जेवणापाशी आपल्याकडेही एक फळी असते, ती म्हणजे पाट. आमच्या आजीसाठी वाड्यातल्या लग्नात तो कधी मांडला गेला नाही. मागच्या दारी, घरून नेलेल्या भांड्यात तिला वरून वाढले जाई. म्हणूनच बोर्डिंगांचा इतिहास मला शिक्षणाइतकाच पंगतीचा वाटतो. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून वसतिगृहांची चळवळ उभी केली. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापुरात वसतिगृह काढले. उमरग्याहून सोलापूर एका सरळ रस्त्यावर. पण तेव्हा मध्ये निजामाची हद्द होती.

पालक मेळाव्याला आई पहिल्यांदा आली. त्रिशरण-पंचशील झाले, पंगत बसली. गृहपाल सर तिच्या शेजारीच मांडी घालून बसले होते. वाढपी मुले जवळ येताच आईने पिशवीत हात घातला आणि घरून आणलेली जर्मनची ताटली बाहेर काढली. तिच्यासमोर शाळेचे ताट आधीच मांडलेले होते. तिने एकदा ताटाकडे, एकदा सरांकडे पाहिले. मी मान खाली घातली. सर एवढेच म्हणाले, “मावशी, भाकरी गरम आहे, सुरू करा.”

आईने ताटली पदराने पुसली आणि पुन्हा पिशवीत ठेवली.