मुठीचे वळ

कोळुकट्टैची ओळख मला कुणीतरी ‘तिकडचे मोदक’ अशी करून दिली होती. चेन्नईत मैलापूरला राहायला जाईपर्यंत मी तीच धरून बसले होते. पहिल्या विनायक चतुर्थीला शेजारच्या मामींनी पानात वाढलेली एक उचलली आणि गूळ-खोबऱ्याच्या तयारीत असलेल्या जिभेला लागली लाल मिरची, हिंग आणि भरड वाटलेली उडदाची डाळ. मामी हसल्या. मोदकासारखी गोल ती गोड, करंजीसारखी दुमडलेली ती तिखट. आकार पाहून हात घालायचा, एवढं साधं होतं ते.

मी धान्यप्रक्रिया शिकवणारी बाई. तांदळातल्या स्टार्चवर तासभर बोलायला मला टिपण लागत नाही. तरी तांदूळ खरा कळला तो या तिखटामिठाच्या कोळुकट्टैमुळे. गोड सारणाच्या आड उकडीचे बरेच दोष खपून जातात. पारी जरा जाड झाली, थोडी कोरडी राहिली, तरी वर तुपाची धार पडली की कुणी काही बोलत नाही. तिखट प्रकारात, त्यातून सारणच नसलेल्या पिडी कोळुकट्टैत, लपायला जागा नसते.

‘पिडी’ म्हणजे मुठीत धरणं, आवळणं. साचा नाही, पाकळ्या नाहीत, कळी काढायचं कसब नाही. तांदळाच्या कणीचा उपमा मुठीत दाबायचा आणि बोटांचे वळ उमटलेला तो गोळा तसाच वाफेवर ठेवायचा. पाहून वाटलं, यात काय शिकायचं? पहिल्या खेपेला मी उपमा नेहमीसारखा पूर्ण शिजवला. गोळे वाफेत बसले, एकमेकांना चिकटले, चाळणीतून खरवडून काढावे लागले. दुसऱ्या खेपेला शहाणपणा करून पाणी कमी घातलं, तर मूठ उघडताच सगळं भुरभुर खाली. मामींनी दोन्ही वेळा चव घेऊन ‘मीठ बरोबर आहे’ असं सांगितलं.

गंमत अशी, की यातलं कारण मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहीत होते. तांदळाचा स्टार्च वाणानुसार साधारण 55 ते 79 अंश सेल्सिअसला पाणी पिऊन फुगतो आणि चिकट होतो. पिडी कोळुकट्टैत हे काम दोन हप्त्यांत करायचं असतं. आधणात कणीची बाहेरची बाजू शिजते आणि गोळा धरून ठेवणारी खळ तयार होते. पोट कच्चंच राहतं. पुढे वाफेत ते पोट फुगतं, तेही आधीच आत शिरलेल्या पाण्यावर. पहिला हप्ता जास्त दिला तर गोळा ढासळतो, कमी दिला तर खळच तयार होत नाही.

माझं आता बसलेलं प्रमाण असं: साधा, म्हणजे न उकडलेला तांदूळ धुऊन, निथळून कापडावर चांगला वाळू द्यायचा. वाटीभर तांदळाला दोन चमचे तुरीची डाळ, थोडी मिरी, थोडं जिरं घालून इडलीच्या रव्याएवढं भरडायचं. पीठ झालं तर पुन्हा पहिल्यापासून. तिळाच्या तेलात मोहरी, उडदाची आणि हरभऱ्याची डाळ, लाल मिरची, हिंग, कढीपत्ता अशी फोडणी करायची. दोन वाट्या पाणी, मीठ, मूठभर ओलं खोबरं. आधण आलं की भरड एका हाताने सोडायची, दुसऱ्या हाताने ढवळायचं. पाणी दिसेनासं झालं की गॅस बंद, वर झाकण, आणि दहा मिनिटं त्याच्याकडे बघायचंही नाही. ही दहा मिनिटं लोक खातात, आणि मग तांदळाला दोष देतात. ओल्या हाताने मुठी वळून बाराएक मिनिटं वाफवायच्या. ओलं बोट लावून पाहावं. चिकटलं नाही तर झालं.

तांदळाचा दोष असतो कधीकधी, नाही असं नाही. इंद्रायणीच्या कणीची मूठ झकास वळते, पण वाफेनंतर दाणा हरवतो आणि खाताना लगदा लागतो. मी जुना कोलम घेते. उकडा तांदूळ मात्र इडलीसाठी ठेवावा. त्यातला स्टार्च गिरणीतच एकदा शिजून बसलेला असतो, त्यामुळे पहिल्या हप्त्याचा हिशेबच चुकतो.

हाताने दाबलेली ओबडधोबड कोळुकट्टै मला आखीव साच्यातल्यापेक्षा बरी वाटते, याला शास्त्रही आहे. बोटांच्या वळांमुळे गोळ्याची जाडी जागोजागी कमी होते आणि वाफेला पोटापर्यंत लवकर पोचता येतं. ‘कारडै’चंही तसंच. तांदळाचं पीठ भाजून, त्यात शिजवलेली चवळी घालून केलेल्या या वड्या थापताना मधोमध भोक पाडतात. मासी महिना संपून पंगुनी लागतो त्या वेळी, म्हणजे 14 मार्चच्या सुमारास, तमिळ बायका ज्या सावित्रीसाठी उपास करतात तीच आपली वटपौर्णिमेची सावित्री. तिकडे वड नाही. पिवळा दोरा गळ्यात बांधायचा, आणि गोड नि खारी अशा दोन्ही वड्यांबरोबर लोण्याचा गोळा.

पण माझा जीव जडला तो अम्मिणी कोळुकट्टैवर. चतुर्थीला मोदकांची पारी नेहमी उरते. त्या उकडीच्या मामी सुपारीहून लहान गोळ्या वळायच्या, वाफवायच्या आणि मोहरी-उडदाच्या फोडणीत परतून वर इडलीबरोबर खातात ती मिळगाय पोडी भुरभुरायच्या. नैवेद्याच्या पंगतीत या गोळ्यांना स्थान नाही. पोरं मात्र आधी त्यांच्यावर तुटून पडतात. गरम असतानाच खाव्यात, कारण फ्रिजच्या गारव्यात फुगलेला स्टार्च पुन्हा आवळून बसतो आणि गोटी दगडासारखी होते. झालीच तर पुन्हा वाफ द्यावी, मऊ पडते.

हे पाहताना मला राहून राहून आमच्याकडच्या निवगऱ्या आठवत. तीच उरलेली उकड, त्यात मिरची-जिऱ्याचा ठेचा नि मीठ, हातावर चपट्या थापून मोदकांच्याच चाळणीत कडेला सरकवलेल्या.

पुण्याला परतल्यावर पहिल्याच गणपतीत मी निवगऱ्यांचं पीठ पळवून अम्मिणी केल्या, पोडीसकट. घरात वाहवा झाली. सासूबाईंनी दोन खाल्ल्या, तिसरी बोटांत फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘छान आहेत गं. पण मी दही लावून ठेवलंय, ते आता कशाशी खायचं?’’

तेव्हापासून उकड मुद्दाम दोन मुठी जास्त काढते.