बाजूच्या खुर्चीतला कोच

मिशिगनमधल्या ज्या लहानशा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी सरली, तिथल्या बास्केटबॉल संघाच्या सहायक प्रशिक्षकांचं माझ्यावर ऋण आहे. ते दुहेरी आहे. अडचणीच्या वेळी ते धावून आले, हे एक. आणि शिकवायचं कसं हे मला त्यांच्याकडे पाहून कळलं, हे दुसरं. पुढे योग असा आला, की त्यांनाच मुख्य प्रशिक्षक करावं की नाही हे ठरवणाऱ्या समितीत माझं नाव आलं. ज्यांचे उपकार घेतले, त्यांचीच पारख करायची होती.

सगळे त्यांना ‘कोच’ म्हणत, मीही तेच म्हणते. वडील गेल्याचा फोन सांगलीहून आला तेव्हा जानेवारी होता आणि मिशिगन सरोवरावरून येणारं बर्फ थांबायचं नाव घेत नव्हतं. विमान डेट्रॉइटहून होतं आणि एवढ्या बर्फात रात्री गाडी चालवायची माझी छाती नव्हती. कोचना कुणाकडून तरी कळलं आणि ते गाडी घेऊन दारात हजर झाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा सामना होता. वाटभर पुढच्या ट्रकचे लाल दिवे सोडले तर काही दिसत नव्हतं. ते फारसं बोलले नाहीत. विमानतळावर बॅग उतरवताना एवढंच म्हणाले, “तुमच्या वर्गाला मी सांगतो. तुम्ही आईजवळ राहा.” परत आल्यावर कळलं, की त्यांनी सकाळी वर्गात स्वतः जाऊन मुलांना सांगितलं होतं.

दुसरं ऋण व्यायामशाळेतलं. अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडा संघटनेच्या, म्हणजे एनसीएएच्या, नियमाप्रमाणे प्रत्येक सभासद कॉलेजात खेळाडूंच्या अभ्यासाकडे लक्ष ठेवणारा एक प्राध्यापक प्रतिनिधी असतो. आमच्याकडे ते काम माझ्याकडे होतं. आमचं कॉलेज तिसऱ्या विभागातलं. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, त्यामुळे मुलं आवडीपोटी खेळतात. संध्याकाळी मी सराव पाहायला जाऊन बसे.

एकदा कोच एका मुलाला ‘क्लोजआउट’ शिकवत होते, म्हणजे समोरच्याच्या हातात चेंडू पडला की त्याच्या अंगावर धावून जाऊन त्याचा नेम अडवायचा. मुलगा जिवाच्या आकांताने धावे, वेग आवरत नसे, आणि समोरचा त्याला बगल देऊन बास्केटकडे निघून जाई. कोचनी हाताचं काही सांगितलं नाही, नजरेचंही नाही. फक्त शेवटची तीन पावलं. “आधी धाव. मग पावलं लहान कर, बूट वाजू देत. वजन मागे.” मुलगा पुन्हा चुकला, त्याचा हात खाली राहिला होता. हाताबद्दल कोच चकार शब्द बोलले नाहीत. पावलं बसेपर्यंत पावलंच. बूट जमिनीवर करकरायला लागले तेव्हा म्हणाले, “आता हात वर.” त्या मुलाला सामन्यात क्वचितच उतरवत. तरी सरावानंतर कोच त्याच्यासाठी मागे थांबले होते. त्यानंतर मी फळ्यापाशी उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याच्या पाच चुका एकदम दाखवणं सोडून दिलं. एका वेळी एक चूक, आणि ती सुधारेपर्यंत तीच. माझी शिकवण्याची सगळी रीत त्या संध्याकाळची आहे.

मुख्य प्रशिक्षक निवृत्त झाले आणि समिती बसली. पहिल्याच बैठकीत मी डेट्रॉइटच्या रात्रीची गोष्ट सांगितली आणि बाजूला व्हायची तयारी दाखवली. क्रीडा संचालक म्हणाल्या, “राहा. फक्त जे पाहिलंत ते वेगळं लिहा आणि जे वाटतं ते वेगळं.” मी तेच केलं.

सहायक प्रशिक्षकाची पारख अवघड असते, कारण त्याच्या नावावर हारजीत नसते. प्रतिस्पर्ध्याच्या फिल्म पाहून अहवाल करायचा, शाळाशाळांत जाऊन मुलं हेरायची, कवायती घ्यायच्या, सामन्यात बाजूच्या खुर्चीवरून कानाशी सुचवायचं, हे सगळं त्याचं. टाइमआउट कधी घ्यायचा, शेवटच्या मिनिटाला कुणाला बसवायचं, हा शब्द मुख्य प्रशिक्षकाचा. पंगत उठली की कौतुक यजमानाचं होतं, आचाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. मुलाखतीला तर प्रत्येक उमेदवार सुबक फाइल घेऊन येतो.

मला या बाबतीत एक मोठं उदाहरण ठाऊक होतं. मी ईस्ट लॅन्सिंगला मिशिगन स्टेटमध्ये पीएच.डी. करत होते तेव्हा, 1995 साली, तिथले बास्केटबॉलचे मुख्य प्रशिक्षक जड हीथकोट निवृत्त झाले. 1979 मध्ये मॅजिक जॉन्सनला घेऊन राष्ट्रीय विजेतेपद आणणारे तेच. आपल्या जागी कोण, याबद्दल त्यांचं मन पक्कं होतं. टॉम इझो, 1983 पासून त्यांच्या हाताखाली घडलेला माणूस, मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव कॉलेज पातळीवर शून्य. पहिल्या हंगामात 16 विजय, 16 पराभव. दुसऱ्यात 17 आणि 12. कॅम्पसवर कुरबुर मी कानांनी ऐकली आहे. विद्यापीठाने धीर धरला. 1999 मध्ये संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चारांत गेला आणि 2000 मध्ये फ्लोरिडाला 89–76 असं हरवून विजेता झाला. नॉर्थ कॅरोलायनात बिल गथ्रिज तीस वर्षं मुख्य प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या बाजूला सहायक म्हणून बसले. 1997 मध्ये साठीत मुख्य झाले आणि तीन हंगामांत दोनदा संघाला अंतिम चारांत घेऊन गेले. हीथकोट आणि स्मिथ रोज जवळून पाहत होते ते निकालाच्या तक्त्यात सापडण्यासारखं नव्हतं. मग आम्ही ते शोधायचं कुठे?

मी बाकावर बसून राहिलेल्या मुलांकडे गेले. स्टार खेळाडू सगळ्याच प्रशिक्षकांबद्दल चांगलं बोलतात. ज्यांना खेळायला मिळालं नाही, ती मुलं कोचबद्दल काय बोलतात हे मला ऐकायचं होतं. ती म्हणाली, “आम्ही कुठे कमी पडतो ते त्यांनी आम्हाला तोंडावर सांगितलं.” मग निवृत्त मुख्य प्रशिक्षकांना विचारलं, “तुम्ही त्यांचा सल्ला नाकारलात तेव्हा ते काय करत?” त्यांनी एक सामना सांगितला. कोचनी बचावाची वेगळी पद्धत सुचवली होती, यांनी नाकारली, संघ हरला. दुसऱ्या दिवशी कोचनी यांच्याच पद्धतीचा सराव खड्या आवाजात घेतला. मतभेद झाला होता, हे एकाही खेळाडूला कळलं नाही.

पण निष्ठा म्हणजे नेतृत्व नव्हे. त्याचा पुरावा दुसरीकडे मिळाला. मुख्य प्रशिक्षक इस्पितळात असताना काही सामने कोचकडे आले होते. सर्वात जास्त गुण करणारा मुलगा त्या आठवड्यात तास बुडवून बसला होता. कोचनी त्याला उतरवलं नाही. संघ हरला. सामन्यानंतर कोचनी निर्णय स्वतःचा म्हणून सांगितला, इस्पितळातल्या माणसाचं नाव पुढे केलं नाही.

त्यांची उणीवही मी लिहिली. देणगीदार माजी विद्यार्थ्यांसमोर ते अवघडत, आणि आमच्या लहान कॉलेजात संघाचा प्रवासखर्च बराचसा त्याच मंडळींवर चाले. हे लिहिताना माझा हात अडखळला नाही. ज्या माणसाने एका वेळी एकच चूक, पण खरी, सांगायला शिकवलं, त्याच्याबद्दल गुळमुळीत लिहिणं हाच कृतघ्नपणा ठरला असता.

समितीने त्यांची निवड केली. देणगीदारांच्या भेटींना क्रीडा संचालक त्यांच्यासोबत जातील असं ठरलं. पहिल्या हंगामात विजयापेक्षा पराभव जास्त झाले. समितीतल्या कुणीही आपला शब्द मागे घेतला नाही. पुढे संघ सावरला आणि कोच त्याच कॉलेजातून सन्मानाने निवृत्त झाले.

वाचकहो, कधीतरी तुमच्यासमोरही असा माणूस येईल, ज्याचं काम आजवर दुसऱ्याच्या नावाखाली झालं आहे. शाळेतला उपमुख्याध्यापक असेल, बँकेतला दुय्यम अधिकारी असेल. त्याची फाइल जरूर वाचा, पण तिच्यावर थांबू नका. त्याच्या हाताखाली मागे राहिलेल्यांना विचारा, त्याचं ऐकलं गेलं नाही तेव्हा तो कसा वागला ते विचारा, आणि शेवटचा शब्द एकदा तरी त्याच्यावर आला होता का, तेव्हा त्याने काय केलं, तेही विचारा. त्याचे उपकार तुमच्यावर असतील, तर हे प्रश्न अधिक कसून विचारा.