शब्द बदलले, घडी राहिली

संहिताचिकित्सेची सवय झालेल्या माणसाला शब्द हाच पहिला पुरावा वाटतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती पोथ्यांतले पाठ ताडून. एका पोथीतली चूक दुसरीत उतरलेली दिसली की दोघींचे नाते उघड होते. पण सगळेच शब्द बदलून गेले असतील तर? रत्नागिरीत मराठी शिकवणाऱ्या मला हा प्रश्न पडला तो विषाणूंविषयी वाचताना.

आमच्या मांडवीच्या किनाऱ्यावर ओंजळभर पाणी घेतले तर त्यात कोट्यवधी विषाणू असतात. त्यांतले बहुतेक जिवाणूंवर जगणारे, म्हणजे बॅक्टेरिओफाज. अशा विषाणूंची जनुके वाचता येतात. पण कितीतरी जनुके कोणत्याच ज्ञात जनुकाशी जुळत नाहीत. प्रथिन म्हणजे वीस अमिनो आम्लांच्या वर्णमालेत लिहिलेली एक ओळ. दोन ओळींतले साम्य वीस-पंचवीस टक्क्यांखाली गेले, की ते नात्याचे की योगायोगाचे हे नुसत्या ओळींवरून सांगणे कठीण होते. मग विषाणूचे कवच ज्या प्रथिनाचे बनते ते ओळखायचे कसे?

घडीवरून. ही ओळ अवकाशात दुमडते, तिला आकार येतो, आणि अक्षरे झिजून गेली तरी तो आकार दीर्घकाळ टिकतो. एचके९७ नावाच्या फाजच्या (एचके म्हणजे हाँगकाँग!) कवचाची रचना २००० साली क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. साखळीच्या चिलखतासारखी, एकमेकांत अडकवलेली प्रथिनांची कडी तीत दिसली. तीच घडी टी४, पी२२ अशा दूरच्या फाजांत आढळली; आणि २००५ साली ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पीस विषाणूच्या कवचातही. ओळी शेजारी ठेवल्या तर ओळख पटू नये इतक्या वेगळ्या. आता अल्फाफोल्डसारखी साधने ओळीवरून घडीचे भाकीत करतात, फोल्डसीक ती घडी ज्ञात रचनांत शोधते, आणि अनामिक प्रथिनाला 'हे कवचाचे असावे' असे म्हणता येते.

'असावे' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे, विशेषतः विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांत, साम्य दिसले की 'प्रभाव' लिहून मोकळे होण्याची घाई असते. येथून जवळच्या मालगुंडला जन्मलेल्या केशवसुतांनी चौदा ओळींचा सॉनेट मराठीत आणला. तिथे शब्द आपले आणि घडी उसनी. म्हणजे आकार सारखा असला तरी तो वारशाने आला, उसना घेतला की स्वतंत्रपणे सुचला, हे आकार स्वतः सांगत नाही.

हर्पीस आणि फाज यांचे कूळ एक मानले जाते ते केवळ घडीच्या जोरावर नाही. दोघांतही आधी आतून आधार देणारा सांगाडा उभा राहतो, मग एक विकर तो कापून टाकते, आणि एका कोपऱ्यातल्या दारातून यंत्राने ढकलल्यासारखा डीएनए आत भरला जातो. इतके सगळे एकत्र जुळणे योगायोगाच्या पलीकडचे आहे. याउलट एकेरी जेली-रोल नावाची घडी कित्येक विषाणूंच्या कवचांत आहे, तशीच पेशींच्या साध्या प्रथिनांतही आहे. तेवढ्यावरून कोणी वंशावळ मांडू लागला, तर जाणकार आधी बाकीचे पुरावे मागतात.