सात बिंदू, सात रेषा

चिपचं डिझाइन करणाऱ्याचा बराचसा दिवस वाचण्यात जातो, हे मुक्ताईनगरात कुणाला सांगितलं तर पटत नाही. हार्डवेअर म्हटलं की सोल्डरिंग गन, तारा आणि मल्टिमीटर एवढंच लोकांच्या डोळ्यांसमोर येतं. माझं काम पडताळणीचं आहे. सहकाऱ्याने व्हेरिलॉगमध्ये लिहिलेलं सर्किट वाचायचं, त्याने काय करायला हवं ते सांगणारं शेकडो पानांचं स्पेसिफिकेशन वाचायचं आणि दोन्हींत कुठे अंतर पडलंय ते शोधायचं. सॉफ्टवेअरमधली चूक नंतर अपडेट पाठवून निस्तरता येते. चिप कारखान्यातून बाहेर आली की तिच्यातली एक तारही हलत नाही.

पेंटियम प्रोसेसरचा भागाकार काही आकड्यांना चुकतो, हे 1994 साली थॉमस नाइसली या अमेरिकन गणित प्राध्यापकांनी जगापुढे आणलं. ते जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते आणि उत्तर जुळेना. भागाकार वेगाने व्हावा म्हणून चिपमध्ये एक कोष्टक बसवलेलं होतं. त्यातली 1066 घरं भरलेली हवी होती. 5 रिकामी राहिली. त्या पाच घरांपायी इंटेलला 47.5 कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. कितीही भागाकार करून पाहिले तरी नेमकी ती घरं क्वचितच लागत. कोष्टकामागचं गणित हाती धरून एकेक घर वाचलं असतं, तर ती दिसली असती. त्या प्रकरणानंतर आमच्या क्षेत्रात चाचण्यांच्या जोडीला गणिती सिद्धतांचा जोर वाढला.

पण वाचन फक्त चुका शोधण्यासाठी असतं, हे मला मान्य नाही. नवी रचना सुचते तीही वाचनातूनच, आणि पुष्कळदा आपल्या विषयाबाहेरच्या वाचनातून. नरेंद्र करमरकरांचं काम पाहा. आयआयटी मुंबईत विद्युत अभियांत्रिकी शिकलेले करमरकर 1984 मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या नव्या पद्धतीमुळे जगभर गाजले. अशा गणितांत प्रचंड मोठी, पण बहुतेक घरांत शून्य असलेली कोष्टकं हाताळावी लागतात. ती अनेक प्रोसेसरांत वाटून दिली, की सगळे एकाच वेळी मेमरीकडे धावतात आणि एकमेकांची वाट अडवतात. यावर करमरकरांनी 1991 मध्ये एका निबंधात जी रचना मांडली ती सांत प्रक्षेपीय भूमितीवर उभी आहे.

या भूमितीचं सर्वांत लहान उदाहरण वहीच्या पानावर काढता येतं. इटालियन गणिती जिनो फानो यांच्या 1892 च्या लेखनामुळे ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं. सात बिंदू, सात रेषा. प्रत्येक रेषेवर तीन बिंदू, प्रत्येक बिंदूतून तीन रेषा. कोणतेही दोन बिंदू घ्या, त्यांतून एकच रेषा जाते; कोणत्याही दोन रेषा घ्या, त्या एकाच बिंदूत मिळतात. (काढताना एक रेषा गोल वळवावी लागते, तेवढं चालतं.) आता बिंदूंच्या जागी मेमरी आणि रेषांच्या जागी प्रोसेसर ठेवा. प्रत्येक प्रोसेसर प्रत्येक मेमरीला जोडायचा तर 49 जोडण्या लागतील. इथे 21 पुरतात. तरीही कोणत्याही दोन मेमरींतले आकडे एकत्र आणायचे झाले, तर दोन्हींना जोडलेला एक प्रोसेसर असतोच, आणि तो एकच असतो. म्हणजे ते काम कुणाचं, हा प्रश्नच उरत नाही. कोणी कधी कुठल्या मेमरीकडे जायचं याचं वेळापत्रकही भूमितीच आखून देते, तेही कुणाची कुणाशी टक्कर न होता. फानो लिहीत होते तेव्हा जगात इलेक्ट्रॉनिक संगणक नव्हता.

करमरकर पुढे पुण्यात टाटांच्या सीआरएल या संस्थेत आले. तिथला ‘एका’ महासंगणक नोव्हेंबर 2007 च्या जागतिक यादीत चौथा आणि आशियात पहिला आला. अशा यादीतले क्रमांक काही वर्षांत उतरतातच. 1991 चा तो निबंध मात्र आजही वाचावा असा आहे.

असं वाचन एकट्यादुकट्याच्या हौसेवर सोडून चालत नाही, ही समज खानदेशात फार जुनी आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला शके 1128 चा, म्हणजे इ.स. 1207 चा शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. त्यानुसार भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला. (हे चांगदेव यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी. आमच्याकडे तापी-पूर्णेच्या संगमावर ज्यांचं देऊळ आहे ते योगी चांगदेव वेगळे.) लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर राजाला मिळणारं उत्पन्न मठाला लावून दिल्याची नोंद त्यात आहे. ग्रंथ वाचणाऱ्यांचा भार बाजाराने उचलला होता.

आज जळगाव, भुसावळ, फैजपूर, बांभोरी इथे अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. पण मुलं वाचतात ती प्रश्नसंचांची पानं. वाचण्याजोगं खरं तर हाताशी आहे. बर्कलीत 2010 मध्ये सुरू झालेला रिस्क-फाइव्ह हा प्रोसेसरसाठीचा आज्ञासंच खुला आहे. त्याचं स्पेसिफिकेशन कुणालाही फुकट वाचता येतं. त्यावरच आयआयटी मद्रासने ‘शक्ती’ आणि सी-डॅकने ‘वेगा’ हे प्रोसेसर उभे केले. 32 बिटांच्या मूळ संचात अवघ्या 40 आज्ञा आहेत. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने मनावर घेतलं तर त्या वाचून, व्हेरिलॉगमध्ये स्वतःचा छोटा प्रोसेसर लिहून, एफपीजीए बोर्डावर, म्हणजे हवं ते सर्किट पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या चिपवर, तो चालवता येईल.

म्हणून प्राध्यापकांना विनंती आहे, की आठवड्यातला एक तास केवळ मूळ निबंध वाचायला ठेवा. सुरुवात फळ्यावर सात बिंदू काढून करा. आणि रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्यांनी, आमच्यासारख्या बाहेर नोकरी करणाऱ्यांनी त्या वर्गाच्या बोर्डांचा खर्च उचलावा. मुक्ताईनगर-भुसावळ भागात कुणी असा वर्ग काढणार असेल, तर महिन्यातला एक शनिवार मी यायला तयार आहे.