प्लॅन नाइन मांडीवर घेताना

लॅपटॉप हा प्राणी प्लॅन नाइनच्या कर्त्यांच्या हिशेबातच नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे, बेल लॅब्जमध्ये, केन थॉम्पसन, रॉब पाइक, डेव्ह प्रेसोटो आणि फिल विंटरबॉटम यांनी ही ऑपरेटिंग सिस्टिम रचायला घेतली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे एक इमारत होती. कुठल्याशा खोलीत फाइल सर्व्हर, जड कामांसाठी सीपीयू सर्व्हर आणि टेबलाटेबलावर टर्मिनल. टर्मिनलला स्वतःची डिस्क असलीच पाहिजे असे नव्हते. कुठल्याही टर्मिनलपुढे बसावे, नाव सांगावे, की आपले सगळे काम तिथे हजर. नेटवर्कची वायर भिंतीतून येई आणि ती अशी उठता-बसता तुटत नसे.

(नाव एड वूड या दिग्दर्शकाच्या एका बदनाम सिनेमावरून घेतले आहे, आणि शुभचिन्ह म्हणजे रेने फ्रेंच यांनी काढलेली ग्लेंडा नावाची सशीण. युनिक्स जन्माला घालणाऱ्या प्रयोगशाळेला गंभीर दिसण्याची गरज वाटली नसावी.)

लॅपटॉपने या रचनेतली प्रत्येक गोष्ट उलटी केली. डिस्क पोटात, वायफाय येणार-जाणार आणि झाकण मिटले की यंत्र झोपी जाणार, अशी अपेक्षा. तरीही आज प्लॅन नाइन रोज वापरणारी जी मूठभर माणसे आहेत, त्यांच्यातल्या अनेकांकडे ती जुन्या थिंकपॅडवर दिसते. बहुतेक जण वापरतात ती २०११ मध्ये फुटून निघालेली नाइनफ्रंट ही शाखा. थिंकपॅडच का, याचे उत्तर कळफलकाखाली असते: तीन खरीखुरी बटणे.

प्लॅन नाइनमध्ये माउसला तीन बटणे लागतात, आणि तिन्ही सतत लागतात. पाइक यांच्या अ‍ॅक्मी या संपादकात डाव्या बटणाने मजकूर ओढून निवडायचा आणि ते न सोडता मधले दाबायचे, की मजकूर कापला जातो. डावे धरूनच उजवे दाबले की चिकटवला जातो. मधल्या बटणाने पडद्यावरच्या कुठल्याही शब्दावर टिचकी मारली की तो शब्द कमांड म्हणून चालतो. उजव्याने एखाद्या फाइलच्या नावावर आणि ओळीच्या क्रमांकावर मारली की ती फाइल त्या ओळीवर उघडते. मेनू जवळजवळ नाहीच. आठवडाभरात हे बोटांत बसते आणि मग नेहमीच्या लॅपटॉपचा गुळगुळीत टचपॅड हाताखाली आला की चिडचिड होते. प्रस्तुत लेखकाच्या बॅगेत वायरवाला तीन बटणी माउस कायम असतो, तो त्यामुळेच.

लॅपटॉपवर थेट ही सिस्टिम टाकली तर काय होते? इंटेलच्या वायफाय चिपसाठी फर्मवेअरची फाइल आधी योग्य डिरेक्टरीत ठेवावी लागते. बॅटरी किती उरली हेसुद्धा एक फाइल उघडून वाचायचे. झाकण मिटून झोपवण्याची सोय मात्र धरून चालू नये. सरळ बंद करावे आणि पुन्हा सुरू करावे, वेळ फार लागत नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे. फाइली लॅपटॉपच्या डिस्कवर ठेवल्या, की हे आणखी एक विक्षिप्त यंत्र उरते आणि ज्यासाठी प्लॅन नाइन घ्यायची, ती कुठेही बसले तरी सगळे काम हजर असण्याची सोयच हातून सुटते.

म्हणून जाणकार उलटा रस्ता धरतात. घरी किंवा भाड्याच्या सर्व्हरवर प्लॅन नाइन चालू ठेवायची आणि लॅपटॉपवर विंडोज, मॅक, लिनक्स काहीही असो, ड्रॉटर्म नावाचा छोटा प्रोग्राम चालवायचा. सर्व्हरचे आणि आपले नाव द्यायचे, पासवर्ड टाकायचा, की खिडकीत प्लॅन नाइन उघडते. रिमोट डेस्कटॉपसारखेच दिसते हे, पण तसे नाही. रिमोट डेस्कटॉप तिकडच्या पडद्याचे चित्र इकडे पाठवतो. ड्रॉटर्म आपला पडदा, कळफलक, माउस आणि डिस्क यांनाच फाइलींचे रूप देऊन सर्व्हरच्या हवाली करतो. सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम माउसची फाइल वाचतो तेव्हा तो आपल्या मांडीवरचा माउस वाचत असतो. लॅपटॉपच्या फाइली तिकडे एका ठरलेल्या डिरेक्टरीखाली दिसतात. त्या कॉपी करून आणण्याची भानगड नाही. सर्व्हरवरचे गाणे वाजते ते लॅपटॉपच्या स्पीकरमधून.

हे जमते कारण प्रत्येक प्रोसेसला नावांचे स्वतःचे जग असते. ‘आई’ अशी हाक घरोघरी तीच, पण ओ देणारी बाई प्रत्येक घरी वेगळी. तसेच ‘माउस’ किंवा ‘कन्सोल’ ही नावे प्रत्येक विंडोत तीच, त्यामागची वस्तू वेगळी. रिओ ही विंडो सिस्टिम या फाइली स्वतः वापरते आणि आतल्या प्रत्येक विंडोला तशाच फाइली पुरवते. त्यामुळे रिओच्या एका विंडोत दुसरा रिओ सुखाने चालतो. या सगळ्यामागे नाइनपी हा एकच प्रोटोकॉल असतो. त्याचे संदेश हाताच्या बोटांवर मोजता येणार नाहीत, पण हातापायांची मिळून बोटे पुरून उरतील.

नेटवर्कसुद्धा फाइलींचेच. बेल लॅब्जच्या मूळ निबंधात एक उदाहरण आहे. एखादे टर्मिनल फक्त डेटाकिट या घरच्या नेटवर्कला जोडलेले असेल आणि इंटरनेटवर जायचे असेल, तर हेलिक्स नावाच्या सर्व्हरची ‘नेट’ ही डिरेक्टरी ‘इम्पोर्ट’ या कमांडने आपल्याकडे आणायची, बस. त्यापुढे टेलनेट करा, काहीही करा, जोडणी हेलिक्समधून बाहेर पडते आणि टेलनेटला त्याचा पत्ताही नसतो. आज याच कामासाठी ऑफिसे व्हीपीएन विकत घेतात, त्याची लायसन्से सांभाळतात आणि ते जोडले गेले नाही तर हेल्पडेस्कच्या रांगेत उभी राहतात. इथे एक ओळ पुरते. दुसऱ्या यंत्रावरच्या प्रोसेसची डिरेक्टरी अशीच आणून तिकडचा अडकलेला प्रोग्राम इथल्या डिबगरने तपासता येतो, मग तिथला प्रोसेसर वेगळ्या जातीचा का असेना.

भिंतीतल्या वायरीवर विसंबलेल्या या रचनेचे रेल्वेच्या डब्यात काय होते, हे मात्र सांगायला हवे. बोगदा आला, सिग्नल गेला, की समोरची खिडकी थिजते, कारण तिच्यातले जवळजवळ सगळे कुठेतरी दूर असते. यावर आन नावाचा एक उपाय आहे. तो जोडणीच्या मध्ये बसतो, पोहोचलेले-न पोहोचलेले बाइट लक्षात ठेवतो आणि नेटवर्क परतले की तिथूनच पुढे चालू करतो. त्यातूनही सत्र मेलेच, तर अ‍ॅक्मीतली ‘डंप’ ही कमांड कामी येते. ती उघड्या फाइलींची मांडणी लिहून ठेवते आणि ‘लोड’ ती परत मांडते. अर्थात, सत्र मरण्याआधी डंप केलेले हवे.

फाइली हरवण्याची भीती तशी कमीच. मरे हिलच्या मुख्य फाइल सर्व्हरमागे ३५० गिगाबाइटचा, एकदाच लिहिता येणाऱ्या ऑप्टिकल तबकड्यांचा ज्यूकबॉक्स होता. रोज पहाटे ५ वाजता सगळ्या फाइलींची प्रत त्यावर जाई. जुन्या दिवसाची फाइल पाहायची तर तारखेच्या नावाची डिरेक्टरी उघडायची, कुणाला बॅकअप मागायला नको. ‘यस्टरडे’ नावाची कमांडच आहे. नाइनफ्रंटच्या फाइल सर्व्हरवरही अशा जुन्या प्रती आहेत (त्यांनाही डंपच म्हणतात), आणि एकदा त्यांची सवय लागली की साध्या लॅपटॉपवर उघडेबोडके वाटते.

मराठी वाचकाला एक गोष्ट विशेष बोचावी. आपल्या फोनवर, संगणकावर आज मराठी अक्षरे ज्या यूटीएफ-८ मध्ये साठवली जातात, ती पद्धत थॉम्पसन आणि पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावर अंथरलेल्या कागदावर मांडली आणि सर्वांत आधी प्लॅन नाइनमध्येच आणली. त्याच प्लॅन नाइनला देवनागरी नीट काढता येत नाही. ती एकेक खूण साठवलेल्या क्रमाने पडद्यावर ठेवते. जोडाक्षर जुळवणे तिला ठाऊक नाही. ‘स्थिती’ लिहिले तर स, मोकळा हलन्त, थ, आणि पहिली वेलांटी थच्या उजवीकडे. फाइल शाबूत असते. शोधले तर शब्द सापडतो, दुसऱ्या यंत्रावर उघडला तर देखणा दिसतो. टंकायचे तर ऑल्ट, मग एक्स, मग ‘क’साठी ०९१५. एवढ्या चिकाटीने कुणी लेख लिहीत नाही, आणि हाही तसा लिहिलेला नाही.

ब्राउझरची कथा त्याहून तोकडी. मॉथ्रा हा प्लॅन नाइनचा ब्राउझर जावास्क्रिप्टला हातच लावत नाही, त्यामुळे आजचे निम्मे वेब त्याच्यापुढे कोरे. काही जण नाइनफ्रंटच्याच व्हीएमएक्स या आभासी यंत्रात लिनक्स चालवून वेळ मारून नेतात.

बाजारात ही सिस्टिम कधीच चालली नाही. १९९२ मध्ये ती विद्यापीठांना मिळाली, १९९५ मध्ये विकायला काढली आणि २००० मध्ये मुक्त झाली. मार्च २०२१ मध्ये बेल लॅब्जची मालक असलेल्या नोकियाने तिचे हक्क प्लॅन नाइन फाउंडेशनकडे सोपवले, आता परवाना एमआयटीचा आहे. तिचे अवयव मात्र भलतीकडे जिवंत आहेत. विंडोजमध्ये लिनक्स चालवणारा पुण्या-बंगळुरातला इंजिनिअर २०१९ पासून आपल्या लिनक्स फाइली एक्सप्लोररमध्ये उघडतो, तेव्हा मधून नाइनपीच धावत असतो. गो या भाषेचे सुरुवातीचे कंपाइलर प्लॅन नाइनच्याच कुळातले होते.

ज्याला चाखून पाहायची त्याने नवे यंत्र घेऊ नये. रास्पबेरी पाय किंवा अडगळीतला थिंकपॅड सर्व्हर म्हणून कपाटात ठेवावा, हातातल्या लॅपटॉपवर ड्रॉटर्म टाकावे आणि तीन बटणी माउससाठी थोडे पैसे खर्चावेत. बँकेची कामे मात्र दुसऱ्या खिडकीतच करावीत.